गार वाऱ्याचा वाटा

वैशाखांतल्या भर दुपारीं हिंगोलीच्या रस्त्यानें ज्यांनीं मोटारींतून प्रवास केला असेल त्यांस तेथील उन्हाचें वर्णन करून सांगण्याचें कारण नाहीं. पारा ४२-४३ अंशांवर चढलेला असतो, कयाधूच्या पात्रांतली वाळू डोळ्यांस सहन होत नाहीं, आणि उभ्या करून ठेवलेल्या गाडीचें दार उघडलें कीं भट्टीचें तोंड उघडल्याचा भास होतो. अशाच एका दुपारीं आमच्या घरची जुनी अँबॅसडर एका कारागिराच्या दारांत उभी होती. तिचें १४८९ घन सेंटिमीटरचें मूळ एंजिन झिजून गेलें होतें. त्याच्या जागीं, त्याच कारखान्यानें पुढील काळांत त्याच सांगाड्यांत बसविलेलें १८१७ घन सेंटिमीटरचें इसुझू एंजिन घालावें, असें आम्हीं योजिलें होतें. कारागिरानें बॉनेट उघडून सर्व पाहिलें, हात पुसले आणि निकाल दिला. “साहेब, इंजिन बसतंय. पण एसीला जागा राहत नाही. तो काढूनच टाका. गाडी पळायसाठी असती, गार व्हायसाठी नाही.”

हें शीतयंत्र माझ्या वडिलांनीं मागाहून बसवून घेतलें होतें. आईस ऊन सोसत नसे. नर्सीस नामदेवरायांच्या दर्शनास किंवा औंढ्यास नागनाथाला जावयाचें झालें तरी ती उन्हाळ्यांत पहांटेच निघण्याचा हट्ट धरी. आतां वडील नाहींत. आईचें वय ८२ आहे, आणि प्रकृतीच्या तपासणीसाठीं तिला वरचेवर नांदेडास न्यावें लागतें. कारागिराचा निकाल मीं तिला सांगितला तेव्हां ती एवढेंच म्हणाली, “अरे, मला लवकर पोंचायचं नाही, धड पोंचायचं आहे.”

कारागीर अनुभवी होता, आणि त्याचें बोलणें मतलबी नव्हतें. त्याची खरोखरच तशी समजूत होती. शक्ति ही गाडीची खरी मिळकत आणि गारवा ही वरची चैन. दोहोंत जागेसाठीं भांडण लागलें तर चैनीनें बाजूस व्हावें, अशी ती समजूत. ती पुष्कळांची आहे. परंतु आपल्या देशांतील मोटारींचा इतिहास पाहूं गेल्यास कांहीं निराळेंच दिसतें. मोठें एंजिन आणि गार वारा हे एकमेकांचे वैरी नाहींत. आपल्या जुन्या गाड्यांत मोठें एंजिन आलें तें, इतर कारणांबरोबर, गार वाऱ्याचा भार सोसण्यासाठींहि आलें. तो इतिहास वाचकांपुढें मांडण्याचा या लेखाचा हेतु आहे.

गारवा फुकट मिळत नाहीं, ही गोष्ट मोटारीपेक्षां पुष्कळ जुनी आहे. अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथांत सोऱ्याच्या साह्यानें पाणी गार करण्याची रीत दिली आहे, आणि वाळ्याच्या ताट्यांनीं वेढून वरून पाणी शिंपडलेल्या खोल्यांचाहि उल्लेख केला आहे. या दोन्ही युक्तींचें श्रेय तो अकबर बादशहास देतो. वाळ्याचा सुगंध आणि ओल्या ताटींतून येणारी झुळूक यांचें सुख आपल्याकडील जुन्या घरांतून लोकांनीं पिढ्यान् पिढ्या अनुभवलें आहे. पण ताटी सुकूं लागली कीं झुळूक तापते. म्हणून तिच्यावर पाणी मारीत राहणारा एक माणूस बाहेर उन्हांत असावाच लागे. आंतल्याचा गारवा बाहेरच्याच्या श्रमांतून येई.

या बाबतींत हिंगोलीस फार दूर जावयास नको. हें गांव निजामाच्या राज्यांत असतांना तेथें हैदराबाद कंटिंजंट या इंग्रज अंमलदारांच्या हाताखालील फौजेची छावणी होती. ती फौज १९०३ सालीं हिंदुस्थानच्या सैन्यांत विलीन झाली. त्या काळच्या छावण्यांमधून अंमलदारांच्या बंगल्यांत छताला झालरीचा पंखा टांगलेला असे, आणि त्याची दोरी भिंतींतल्या भोंकांतून बाहेर ओसरीवर जाई. तेथें बसून एक माणूस ती दोरी दिवसभर, आणि पुष्कळदां रात्रभर, ओढी. याच्या पुढची पायरी म्हणजे ‘थर्मँटिडोट’ नांवाची पेटी. ती खिडकींत बसवीत. तिच्या बाजूंस वाळ्याच्या ताट्या आणि आंत हातानें फिरवावयाचा पंखा. एकानें ताट्या भिजवावयाच्या, दुसऱ्यानें पंखा फिरवावयाचा. ओसरीवरच्या माणसास डुलकी लागली कीं आंतला साहेब घामानें जागा होई. गार वारा आणि तो उत्पन्न करणारी शक्ति यांचा संबंध याहून स्पष्टपणें कोठें दिसणार?

त्याच शतकांत बर्फहि आला. १८३३ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील बोस्टनहून निघालेलें ‘टस्कनी’ नांवाचें जहाज कलकत्त्यास लागलें. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्यानें त्यांत सुमारें १८० टन बर्फ भरून पाठविला होता. चार महिन्यांच्या प्रवासांत बराच वितळून सुमारें १०० टन शिल्लक राहिला, आणि तेवढ्यावरहि व्यापार फायद्याचा ठरला. पुढें मुंबईस व मद्रासेसहि हा बर्फ येऊं लागला. बर्फाच्या काळाची एक खूण आपण अजून जपून ठेवली आहे, आणि ती म्हणजे ‘टन’ हें माप. दुकानांत जाऊन आपण दीड टनाचें शीतयंत्र मागतों तेव्हां त्याच्या वजनाविषयीं बोलत नसतों. एक अमेरिकन टन, म्हणजे २००० पौंड, बर्फ २४ तासांत वितळतांना जितकी उष्णता शोषून घेईल, तितकी उष्णता तेवढ्याच वेळांत खेंचून बाहेर टाकणारें यंत्र तें एक टनाचें यंत्र. आजच्या मापानें ही शक्ति सुमारें साडेतीन किलोवॉट भरते. मोटार हें लहानसें घर. परंतु तिला चारी बाजूंनीं कांचा, माथ्यावर तापलेला पत्रा आणि पुढें धगधगतें एंजिन. म्हणून त्या लहानशा घरालाहि एक टनाच्या आसपास, किंबहुना त्याहून अधिकच, गारवा लागतो. निजण्याच्या एका खोलीस पुरेल इतका गारवा पांच माणसांच्या बैठकीला लागावा, याचें नवल वाटेल; पण उन्हांत उभ्या राहिलेल्या गाडींत जो बसला आहे त्यास तें वाटणार नाहीं.

विजेवर चालणारें आधुनिक शीतयंत्र माणसांच्या सुखासाठीं जन्मास आलें नाहीं. १९०२ सालीं विलिस कॅरियर या तरुण अभियंत्यानें न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठीं तें योजिलें. दमट हवेनें कागद फुगे, एकावर एक छापावयाचे रंग जुळत नसत. म्हणून हवेंतला ओलावा ताब्यांत ठेवावयाचा होता. कागदास जें सुख मिळालें तें माणसास मिळावयास कांहीं वर्षें लागलीं, आणि मोटारींतल्या माणसास त्याहूनहि अधिक. अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें १९३९ च्या अखेरीस, १९४० सालच्या नमुन्यांत, कारखान्यांतच बसविलेलें शीतयंत्र प्रथम विकावयास काढलें. त्याची किंमत २७४ डॉलर, आणि त्याचा पसारा इतका कीं मागच्या सामानाच्या जागेपैकीं मोठा भाग तो व्यापून टाकी. तें बंद करण्याची सोय आंत बसलेल्यास नव्हती. गाडी थांबवावी, एंजिन बंद करावें, खालीं उतरून बॉनेट उघडावें आणि एंजिनावरून कॉम्प्रेसरकडे जाणारा पट्टा हातानें उतरवून ठेवावा, अशी ती रीत होती. हा प्रयोग १९४१ नंतर बंद पडला.

पॅकार्डच्या त्या पट्ट्याचा विचार करण्यासारखा आहे. ओसरीवरच्या पंखेवाल्याच्या हातांत जी दोरी होती, तीच येथें रबरी पट्टा होऊन एंजिनाच्या चाकावर चढली. दोरी ओढणारा बदलला, दोरी राहिली. पुढें विजेच्या चुंबकानें जोडतां-सोडतां येणारा क्लच निघाला आणि पट्टा उतरविण्याची यातायात संपली. १९५४ त अमेरिकेंतील नॅश कंपनीनें सर्व यंत्रसामग्री पुढच्या बाजूस, बॉनेटखालीं व डॅशबोर्डांत मावेल अशी आटोपशीर योजना केली, आणि आजच्या मोटारींची रचना साधारणपणें त्याच धर्तीची आहे. योगायोग असा कीं नॅशच्या त्या काळच्या एका गाडीचें नांवहि अँबॅसडरच होतें. आमच्या अँबॅसडरशीं मात्र तिचें नांवापलीकडे कांहीं नातें नाहीं.

आतां आपल्या देशाकडे वळूं. मोटारीच्या धंद्यांत मराठी मुलुखाचा वाटा लहान नाहीं. सोलापुरास १८८२ सालीं जन्मलेले वालचंद हिराचंद यांनीं १९४४ त प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिचा कारखाना मुंबईस कुर्ल्याला उभा राहिला. त्याआधीं दोन वर्षें, १९४२ त, बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सचा आरंभ काठेवाडांतील ओखा बंदरीं झाला होता, आणि १९४८ त तो कारखाना बंगाल्यांत उत्तरपाडा येथें गेला. कुर्ल्याहून फियाट ११०० या जातीच्या गाड्या निघाल्या, आणि १९७४ पासून त्याच गाडीला पद्मिनी हें नांव मिळालें. उत्तरपाड्याहून १९५७-५८ पासून अँबॅसडर निघूं लागली. पद्मिनी मुळांत इटलीची, अँबॅसडर मुळांत इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्ड. ज्या देशांत मोटारींत ऊब कशी आणावी हाच बहुधा प्रश्न पडतो, त्या देशांत या दोघींची आंखणी झाली होती. पद्मिनीचें एंजिन १०८९ घन सेंटिमीटरचें, शक्ति सुमारें ४० घोड्यांची. अँबॅसडरचें १४८९ चें, शक्ति सुमारें ५० घोड्यांची. चार माणसें, त्यांच्या वळकट्या व फराळाचे डबे यांसह डांबरी रस्त्यानें चालण्यास एवढें पुरेसें होतें.

त्या काळीं मराठवाड्यांतल्या लोकांस मोटार म्हणजे बहुधा बसगाडीच ठाऊक होती. निजाम सरकारच्या रेल्वेनें १९३२ च्या जून महिन्यांत २७ बसगाड्यांनिशीं आपल्या राज्यांत मोटारवाहतूक सुरू केली. पुढें १९४८ त तें राज्य भारतांत सामील झालें, १९५६ त मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, १९६० त महाराष्ट्र झाला, आणि १९९९ च्या १ मे रोजीं परभणींतून हिंगोलीचा स्वतंत्र जिल्हा निघाला. या सर्व काळांत प्रवासांतला गारवा म्हणजे खिडकीची उघडी कांच, डोक्याला बांधलेलें उपरणें आणि फिरकीच्या तांब्यांतलें पाणी. त्याबद्दल कोणी तक्रार केली नाहीं, कारण दुसरें कांहीं असूं शकतें हेंच कोणास माहीत नव्हतें.

पुढें ऐपतदार लोक आपल्या अँबॅसडरींत किंवा पद्मिनींत शीतयंत्र बसवून घेऊं लागले. डॅशबोर्डाखालीं एक पेटी लोंबकळे, बसणाऱ्याच्या गुडघ्यांस ती लागे, आणि तिच्या तोंडांतून गार झोत येई. पण या सुखाचा हिशेब एंजिनास द्यावा लागे. मोटारींतला कॉम्प्रेसर जोरानें चालूं लागला कीं साधारणतः चार घोड्यांची शक्ति खातो असें धरूं. चाळीस घोड्यांतून चार गेले म्हणजे दहावा हिस्सा गेला. पन्नासांतून गेले म्हणजे साडेबारावा. सपाट रस्त्यावर हें जाणवत नसे, चढावर मात्र जाणवे. त्या पिढींतल्या प्रत्येक मोटारवाल्या कुटुंबांत “घाट आला, एसी बंद कर” हें वाक्य ऐकूं आलेलें आहे. एंजिन तापल्याचा कांटा वर चढूं लागला कीं गारवा प्रथम जाई, कारण घाम माणसांस आला तरी चालतो, एंजिनास आलेला चालत नाहीं! १९८३ च्या डिसेंबरांत आलेली ७९६ घन सेंटिमीटरची मारुति वजनानें हलकी, म्हणून तिला एवढ्याशा एंजिनावरहि शीतयंत्र झेपे. पण चढावर तिच्यांतहि तेंच वाक्य बोललें जाई.

मारुति आली आणि जुन्या दोन्ही कारखान्यांस जाग आली. १९८४ त हिंदुस्थान मोटर्सनें इंग्लंडांतील व्हॉक्सहॉल व्हिक्टर या गाडीच्या सांगाड्यावर कॉन्टेसा काढली. गाडी प्रशस्त, ऐसपैस, मोठ्या लोकांनीं बसावें अशी. पण पोटांत एंजिन तेंच, अँबॅसडरचें पन्नास घोड्यांचें. श्रीमंत गाडीच्या गिऱ्हाइकास गार वारा हवा असतो, आणि या एंजिनास स्वतःचा देह ओढणेंच जड जाई. थोड्याच वर्षांत कारखान्यानें त्या सांगाड्यांत जपानच्या इसुझू कंपनीचें १८१७ घन सेंटिमीटरचें, सुमारें ८८ घोड्यांचें एंजिन बसविलें, आणि कॉन्टेसा क्लासिक म्हणून लोकांस आठवते ती गाडी ही. कुर्ल्यासहि हेंच झालें. १९८५ त प्रीमियरनें फियाट १२४ च्या सांगाड्यांत निसान कंपनीचें ११७१ घन सेंटिमीटरचें एंजिन घालून ‘११८ एनई’ काढली. त्या नांवांतल्या दोन इंग्रजी अक्षरांत निसानच्या एंजिनाचाच निर्देश आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या जोडीला पुढें ज्या निळ्या ‘कूल कॅब’ फिरूं लागल्या, त्यांत ही गाडी होती. अखेर १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत इसुझूचें तेंच १८१७ चें एंजिन, सुमारें ७५ घोड्यांच्या बेतानें, खुद्द अँबॅसडरच्या जुन्या सांगाड्यांत आलें. शीतयंत्रासह ही गाडी कारखान्यांतूनच मिळूं लागली.

येथें अतिशयोक्ति करूं नये. हीं एंजिनें केवळ गारव्यासाठीं आणलीं असें नाहीं. वेग, इंधनाची बचत, झिजेचा प्रश्न आणि मारुतीची स्पर्धा हीं सर्व कारणें होतीं. परंतु फलित पाहिलें तर काय दिसतें? चार घोड्यांचा वाटा पन्नासांतून काढणें आणि पंचाहत्तरांतून काढणें यांत साडेबाराव्या हिश्शाचें अंतर एकोणिसाव्यापर्यंत जातें. घाट आला तरी गारवा बंद करावा लागत नाहीं, इतकी मोकळीक या फरकानें मिळाली. जुन्या सांगाड्यांत मोठें एंजिन घालून गार वारा कायम ठेवणें हा कांहीं आमच्या मनाचा चाळा नव्हता. उत्तरपाड्यास व कुर्ल्यास हेंच काम वर्षानुवर्षें चाललें होतें. मग कारखान्यानें जें साधलें तें हिंगोलीच्या कारागिरास असाध्य कां वाटावें?

त्यालाहि कारणें आहेत, आणि तीं क्षुल्लक नाहींत. शीतयंत्र ही एक वस्तु नसून एक कुटुंब आहे. कॉम्प्रेसर एंजिनास चिकटलेला; कंडेन्सर रेडिएटरच्या पुढें; कूलिंग कॉइल आणि फुंकणी आंत, बैठकीच्या बाजूस; आणि या सर्वांस जोडणाऱ्या नळ्या. एंजिन बदललें कीं या कुटुंबाचा कर्ताच बदलतो. जुन्या एंजिनावर ज्या बाजूस कॉम्प्रेसर होता, तेथें नव्याचें दुसरेंच कांहीं येतें, किंवा स्टिअरिंगचा दांडा आडवा येतो. अशा वेळीं जुना कॉम्प्रेसर कोठें तरी कोंबून बसविण्याचा मोह होतो, आणि तेथेंच चूक होते. नव्या एंजिनाच्या कारखान्यानें त्याच्यासाठीं जो कॉम्प्रेसर व जो ब्रॅकेट दिला असेल तोच घ्यावा, बैठकीच्या बाजूचें जुनें सामान ठेवावें, आणि दोहोंमधल्या नळ्या नव्या करून घ्याव्यात, हा सरळ मार्ग. कारण पट्टा ज्या चाकांवरून फिरतो तीं सर्व एकाच प्रतलांत असावीं लागतात. दोराभर फरक पडला तरी पट्टा किंचाळतो, झिजतो आणि एके दिवशीं ऐन रस्त्यांत तुटतो.

दुसरी अडचण उष्णतेची. मोठें एंजिन अधिक उष्णता टाकतें, म्हणून त्यास जाड रेडिएटर लागतो. कंडेन्सरहि उष्णताच टाकतो, आणि तो रेडिएटरच्या पुढें बसून त्याच्याकडे तापलेला वारा सोडतो. या दोघांस एकाच दारांतून श्वास घ्यावयाचा असतो. म्हणून पंखा बळकट हवा, त्याभोंवतीं पत्र्याचें कडें हवें, म्हणजे वारा बाजूनें न निसटतां जाळींतूनच ओढला जाईल. चौकांत किंवा रेल्वेच्या फाटकाशीं गाडी उभी असतांना, पुढून वारा मुळींच येत नसतांना, हें कडें किती मोलाचें आहे तें कळतें. ज्यांनीं तें वगळलें त्यांच्या गाडीचा कांटा वर चढतो, आणि मग दोष शीतयंत्रावर येतो. तिसरी गोष्ट मंद चालीची. कॉम्प्रेसर जोडला जातांच उभ्या एंजिनाची चाल एकदम खालीं बसते आणि तें गुदमरतें. म्हणून त्या क्षणीं थोडें इंधन वाढविणारी कळ बसवावी लागते. नव्या पद्धतीच्या एंजिनांत हें काम त्यांचा इलेक्ट्रॉनिक मेंदू करतो, पण कॉम्प्रेसर चालू झाला हें त्यास तारेनें कळवावें लागतें. ती एक तार जोडावयाची राहिली म्हणून सबंध यंत्र निकामी ठरविल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत.

नळ्यांतील वायूचाहि एक इतिहास आहे. थॉमस मिजली व त्याचे सहकारी यांनीं १९२८ च्या सुमारास शोधलेला, आर-१२ म्हणून ओळखला जाणारा वायु बिनविषारी व न जळणारा म्हणून वाखाणला गेला, आणि जगांतल्या मोटारी त्यावर गार झाल्या. पुढें कळलें कीं हाच वायु आकाशांतील ओझोनचें कवच खातो. १९८७ च्या माँट्रियल करारान्वयें तो सोडण्याचें राष्ट्रांनीं ठरविलें; भारत १९९२ त त्यांत सामील झाला, आणि विकसनशील देशांसाठीं २०१० च्या आरंभीं त्याची मुदत संपली. त्याच्या जागीं आर-१३४ए आला. हा नवा वायु जुन्या तेलाशीं मिसळत नाहीं आणि जुन्या रबरी नळ्यांतून झिरपतो. म्हणून जुन्या यंत्रांत तो भरावयाचा तर आंतलें तेल धुऊन काढावें, ओलावा शोषणारी बाटली नवी घालावी, नळ्या बदलाव्या, सर्व हवा काढून निर्वात करावें आणि मगच तो भरावा. एंजिन बदलतांना नळ्या नाहीं तरी नव्या करावयाच्याच असतात. तेव्हां हें कामहि त्याच वेळीं उरकणें शहाणपणाचें.

शेवटची गोष्ट कायद्याची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत असा फेरफार मालकास मनमानेल तसा करतां येत नाहीं, आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें हा नियम कडकपणें वाचला. मूळ कारखान्यानें त्याच नमुन्यांत जें दिलें होतें त्याच्या बाहेर जाणें म्हणूनच धोक्याचें. आमच्यापुरतें सांगावयाचें तर आधीं अर्ज केला, संमति हातीं आली, आणि मगच कारागिराच्या पान्यास काम मिळालें.

हा सर्व वृत्तांत मीं कारागिरास एका संध्याकाळीं चहा घेतां घेतां सांगितला. त्यानें तो शांतपणें ऐकला. कारखान्यानें याच गाडींत, याच एंजिनावर, हाच गारवा दिला होता, हें ऐकल्यावर मात्र तो उठून बसला. “म्हणजे ब्रॅकेट कुठंतरी असणारच की,” असें म्हणून तो दुसऱ्या दिवशीं स्वतःच शोधास लागला. भंगारांत निघालेल्या एका इसुझू अँबॅसडरीवर त्यास तो ब्रॅकेट, त्याचें चाक आणि पंख्याभोंवतींचें कडें अशीं तिन्ही मिळालीं. पुढचें काम त्यानें मन लावून केलें. त्याची अडचण कौशल्याची कधींच नव्हती. गारवा हा गाडीच्या हक्काचा भाग आहे हेंच त्यास कोणीं सांगितलें नव्हतें.

उत्तरपाड्याहून शेवटची अँबॅसडर २०१४ त निघाली. मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरांत संपली. या गाड्या आतां जपणाऱ्यांच्या हातीं राहिल्या आहेत, आणि जपणारा मनुष्य पुष्कळदां एंजिनाचाच विचार करतो. मोठें एंजिन घातलें, वेग वाढला, आवाज भरदार झाला, एवढ्यावर तो संतुष्ट होतो, आणि गार वाऱ्याची पेटी परसांत गंजत पडते. त्यास एवढेंच विचारावेंसें वाटतें कीं ही वाढलेली शक्ति कोणासाठीं? एके काळीं साहेबाच्या सुखासाठीं ओसरीवर एक माणूस रात्रभर जागत असे. तें काम माणसाच्या हातून काढून लोखंडावर सोंपविलें गेलें, ही या दीडशे वर्षांतली खरी मिळकत आहे. लोखंडाच्या अंगीं शक्ति वाढल्यावर तीतून पहिला वाटा म्हाताऱ्या, आजारी आणि लहान माणसांस मिळावा, वेगाचा वाटा मागाहून, ही अपेक्षा फार मोठी नाहीं.

ज्येष्ठांत आम्ही आईस घेऊन नांदेडास गेलों. बारा वाजून गेले होते. वसमतच्या अलीकडे रस्त्याचें काम चाललेलें असल्यानें गाड्यांची रांग लागली होती, आणि अर्धा तास आमची गाडी जागची हलली नाहीं. माझें लक्ष सारखें कांट्याकडे. तो मध्यावर होता, तेथेंच राहिला. मागें वळून पाहिलें तों आई पदर अंगाभोंवतीं घेऊन झोंपली होती.